जिप्समची गोणी आणण्याआधी

आमच्या मेव्हण्यांची शिरोळला जमीन आहे. वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजून तिचा एक तुकडा पार चोपण, म्हणजे सोडियम साचून गच्च झाला होता. त्यांनी त्यात जिप्सम हे कॅल्शियमचं खनिज घातलं, चर काढले, आणि जिथे गव्हाचं रोप पिवळं पडून खुरटायचं तिथे यंदा भरघोस ओंब्या धरल्या. त्याचे फोटो पाहिल्यापासून इथे पेणच्या खारपट्ट्यात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या भातजमिनीत, जो तो विचारतोय, आपणही जिप्सम टाकूया का?

माझं म्हणणं, आधी उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी बाहेर सोडायचं झडपेचं दार बघा, मग माती तपासा, मग गोणीचं बोला.

चोपण मातीचा सामू (पीएच) साडेआठच्या वर असतो. सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो, कण विस्कटतात, पाणी मुरत नाही. जिप्सममधलं कॅल्शियम त्याला तिथून हुसकावतं. पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेला तरच फायदा, म्हणून मेव्हण्यांनी चर काढले.

आपल्या खाजणातलं, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या जमिनीतलं, दुखणं मुख्यतः समुद्राच्या मिठाचं. ते गोड्या पाण्यात विरघळतं, आणि कोकणात ते पाणी आभाळातूनच येतं, वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर. फक्त ते धुऊन बाहेर जायला हवं. उघाडीची झडप भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. तिच्यात गाळ किंवा ओंडका अडकला की सगळंच फसतं. खेकड्यांच्या बिळांनी पोखरलेल्या बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, उधाणात खांड (भगदाड) पडली, तर पावसाळाभर धुतलेलं शेत एका भरतीत पुन्हा खारं होतं. तिथे जिप्सम काय करणार?

दुसरी गोष्ट भातकापणीनंतरची. ओल आहे तोवर नांगरट केली नाही, तर खालचं खारं पाणी उन्हाने वर ओढलं जातं. मार्चमध्ये बांधाच्या कडेला पांढरा पापुद्रा धरतो. तो बोटाने उचलून जिभेला लावून बघा: आधी खारट, मग कडसर. तो कडूपणा मॅग्नेशियमचा. नांगरून वर पेंढा पसरला की हे चढणं बरंच थांबतं. माझ्या मते खारपट्ट्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हेच.

जिप्सम आपल्याकडे कायमचं बाद, असं नाही. मीठ धुऊन गेल्यावरही माती चिखलासारखी गच्च बसत असेल आणि माती तपासणीच्या अहवालात विनिमययोग्य सोडियम (कणांना चिकटलेला) 15 टक्क्यांच्या वर असेल, तर जरूर टाका, तेही अहवालातल्या मात्रेनेच. सोबत शेणखत द्या, पावसाच्या सुरुवातीला धैंचा हे हिरवळीचं पीक पेरा आणि फुलायच्या आधी गाडा.

आणि गहू? तो भातापेक्षा जास्त खारटपणा सोसतो. करनालच्या मृदा लवणता संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी केआरएल 210 सारखे वाणही काढलेत. पण किनाऱ्यावर थंडी कमी, आणि रब्बीत गोडं पाणी कुठून आणणार? शेततळं असेल त्यानेच एखाद्या गुंठ्यावर करून बघावा. भातासाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल 1, 2, 3 हे वाण आहेतच.

मातीचा नमुना मेमध्ये, पाऊस लागण्याआधी घ्या. तेव्हा खार सगळ्यात जास्त असतो. पापुद्र्याची जागा आणि चांगली जागा एकत्र कालवू नका, दोन पिशव्या वेगळ्या ठेवा.