सिग्नल केबिन जपायची तर खालच्या मजल्यापासून

गोव्यात जुन्या रेल्वेचा विषय निघाला की दूधसागरचा पूल आणि घाटातले बोगदे यांच्यापुढे बोलण्याची गाडी सरकत नाही. मुरगाव ते कॅसलरॉक हा मीटरगेज मार्ग १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर आखला गेला, १८८८ मध्ये पूर्ण झाला आणि १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. राज्य पोर्तुगालच्या राजाचं असलं तरी रेल्वे चालवण्याची रीत ब्रिटिश होती. त्या रीतीतली सगळ्यात हुशार इमारत म्हणजे सिग्नल केबिन, जिथून लिव्हर ओढून सिग्नल आणि रुळांचे सांधे हलवत, आणि ती समजून घ्यायला इंग्लंडमधल्या व्हिक्टोरियन केबिनींकडेच जावं लागतं.

केबिन दुमजली असते ती यार्ड नीट दिसावं म्हणून, हे अर्धंच खरं. वर केबिनमन आणि लिव्हरांची रांग. खाली इंटरलॉकिंगची, म्हणजे चुकीचा लिव्हर अडवणाऱ्या यंत्रणेची खोली. म्हणून वर तीन बाजूंना सरकत्या काचा आणि खाली जाड विटांच्या भिंती. जमीन भुसभुशीत असेल तिथे वजन कमी राहावं म्हणून अख्खी केबिन लाकडी बांधत. तळाशी रुळांच्या बाजूला एक लांबट खाच ठेवलेली असते. सांध्यांकडे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांकडे) जाणारे रॉड आणि सिग्नलकडे जाणाऱ्या तारा तिथून बाहेर पडतात.

सांधे आणि सिग्नल एकत्र बांधणाऱ्या यंत्रणेचं पेटंट जॉन सॅक्सबीने १८५६ मध्ये घेतलं. १८८९ मध्ये आयर्लंडात आरमा इथे झालेल्या रेल्वे अपघातानंतर ब्रिटनमध्ये प्रवासी मार्गांवर इंटरलॉकिंग कायद्याने सक्तीचं झालं. लिव्हरांचे रंग ठरलेले: काळा सांध्याचा, निळा सांधा जागी पक्का धरणाऱ्या कुलपाचा, लाल थांबा सिग्नलचा, पांढरा रिकामा. आधी सांधा लावायचा, मग त्याला कुलूप, मगच सिग्नल पाडायचा, म्हणजे त्याचा हात खाली आणून गाडीला वाट द्यायची. गाडी गेली की याच्या बरोबर उलट. हा क्रम केबिनमनच्या स्मरणावर सोडलेला नाही. खाली खाचा पाडलेल्या लोखंडी पट्ट्या आणि त्या खाचांत आडवे बसणारे ठोकळे असतात. सांधा चुकीचा असेल तर ठोकळा सिग्नलची पट्टी अडवतो आणि लिव्हर हलतच नाही.

बिघडतं ते बहुधा उन्हाने. ३०० मीटरचा लोखंडी रॉड तापमान २० अंशांनी चढलं की सुमारे ७ सेंटिमीटर लांबतो. एवढ्याने सांधा अर्धवट उघडा राहील. त्यासाठी रॉडच्या मध्यावर कॉम्पेन्सेटर बसवतात: अलीकडचा रॉड ढकलला की पलीकडचा ओढला जातो, त्यामुळे दोन्ही अर्ध्यांची वाढ एकमेकींना खाते. तारेला हा इलाज नाही. उन्हात ती सैल पडली की सिग्नलचा हात पुरता पडत नाही, आणि थंडीत आखडली की तो ‘थांबा’ दाखवायला पूर्ण आडवा परतत नाही. दुसरी अवस्था जास्त धोक्याची. म्हणून केबिनमध्येच तार ताणायचा आणि सैल करायचा स्क्रू असतो.

२०१३ मध्ये इंग्लंडमध्ये एकदम २६ केबिनींना वारसा म्हणून संरक्षण मिळालं, कारण नियंत्रण मोठ्या केंद्रांकडे जाऊन शेकडो केबिनी बंद होणार होत्या. ते चांगलंच झालं. पण यंत्र काढून नुसती काचांची खोली राखली, तर ती कशासाठी बांधली होती हे कोणालाही कळणार नाही.

आपल्या हवेत असं काही राखायचं तर पावसाळ्याआधी पन्हळी आणि खिडक्यांच्या खालच्या चौकटी तपासाव्यात, कुजायला तिथूनच सुरुवात होते. चुन्यात बांधलेल्या विटांमधल्या फटी सिमेंटने भरू नयेत. ओल आत कोंडते आणि वीट सोलपटते. तळाची खाच उंदीर-सापांच्या भीतीने विटांनी बंद करतात, तीही चूक. वारा थांबतो, खालचं लोखंड गंजतं आणि वरच्या फळ्या खालून कुजतात. जाळी पुरे.

लिव्हर फ्रेम, म्हणजे लिव्हरांची अख्खी चौकट, हलवायचीच असेल तर आधी इंटरलॉकिंगच्या प्रत्येक पट्टीला आणि ठोकळ्याला क्रमांक द्यावा, फोटो काढावेत आणि यार्डाचा नकाशा व लॉकिंग टेबल (कोणता लिव्हर कोणाला अडवतो याचा तक्ता) सोबत ठेवावं. खाचा त्या एकाच यार्डासाठी कापलेल्या असतात. पट्ट्यांची अदलाबदल झाली आणि टेबल हरवलेलं असलं, तर कोणती कुठे बसायची हे शोधणं फार अवघड जातं.