ऑइलचा लाल दिवा: आमच्या पहिल्या रेसची हकिकत

वडिलांनी 1981 साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक लेथ आणि एक ड्रिल मशीन टाकून वर्कशॉप सुरू केलं. तेव्हा शेतीपंपांच्या ऑइल इंजिनांचं काम जोरात होतं. रॉकर आर्म, पुश रॉड, व्हॉल्व्ह गाइड. म्हादबा मेस्त्रींसारख्या नावाजलेल्या यंत्र-कारागिराच्या या गावात लेथवर उभं राहता येणारा माणूस उपाशी मरत नाही, असं वडील म्हणायचे. पुढं शेतात विजेच्या मोटारी आल्या, ऑइल इंजिनं मागं पडली, आणि आम्ही साखर कारखान्यांचे स्पेअर आणि शिरोलीच्या फौंड्र्यांमधून येणाऱ्या कास्टिंगचं मशिनिंग याकडं वळलो. मी धंद्यात आलो तेव्हा सात माणसं होती. आज अकरा आहेत. वाटचाल म्हणायची तर एवढीच, दोन ओळींत संपणारी.

पण एक गोष्ट मला कायम बोचायची. एवढ्या वर्षांत लाखो नग आमच्या हातून गेले, त्यातला एकही आमचा नव्हता. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं, मटेरियल गिऱ्हाइकाचं, मापं गिऱ्हाइकाची. डिलिव्हरी चलन फाडलं की विषय संपला. नग परत आलाच तर पहिलं वाक्य तयार असायचं, "साहेब, ड्रॉइंगप्रमाणेच आहे." जॉबवर्क करणाऱ्याची ही ढाल. तिच्यामागं आम्ही सुखात होतो.

रेसचं खूळ घरात पुतण्यानं आणलं. कोल्हापुरात मोहित्यांचा कार्टिंगचा, म्हणजे छोट्या बसक्या रेस-गाड्यांचा, ट्रॅक झाल्यावर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या इथं भरू लागल्या, आणि गावातल्या पोरांना कुस्ती-फुटबॉलशिवाय तिसरा नाद लागला. हा कार्टमध्ये बरा होता. फार बरा नव्हता, हे मी त्याच्या तोंडावर सांगतो. कॉलेज संपताना त्यानं विचारलं, "काका, आपण गाडीच बनवूया का?" मी हो म्हणालो. त्यात त्याच्या हौसेपेक्षा माझी बोच जास्त होती.

एक जुनी मारुती एस्टीम साठ हजारांना घेतली. ज्युनियर टुरिंग या रस्त्यावरच्या गाड्यांच्या रेसच्या वर्गात तेव्हा या गाड्या भरपूर असायच्या: 1298 सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, हलकी बॉडी, आणि सुटे भाग कुठल्याही गावात मिळणारे. दारं, सीटा, कार्पेट, डांबराचे आवाजरोधक थर, सगळं खरवडून काढलं. नुसता सांगाडा उरल्यावर बापू म्हणाले, "मालक, ह्यापेक्षा बैलगाडी भरीव." बापू आमचे वेल्डर. वडिलांच्या वेळेपासूनचे, वयानं माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठे.

सगळ्यात वेळ खाल्ला रोल केजनं. गाडी उलटली तर ड्रायव्हरवर छत येऊ नये म्हणून आत पाइपांचा पिंजरा असतो. ड्रायव्हरच्या मागची मुख्य कमान 45 मिलिमीटर व्यासाच्या, अडीच मिलिमीटर जाडीच्या पाइपची, तीही सीमलेस. शिवणीचा पाइप चालत नाही. इथवर बापूंना पटलं. भांडण झालं ते वाकवण्यावरून. बापूंची उभी हयात पाइपमध्ये कोरडी वाळू ठासून, तापवून वाकवण्यात गेलेली, आणि वळण असं देखणं की हात फिरवत राहावा. रेसचा नियम म्हणतो, पाइप थंडच वाकवायचा आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या निदान तिप्पट हवी. म्हणजे 135 मिलिमीटर. पाइप तापवला की त्याचा ताव बदलतो, हे मी बापूंना चार दिवस सांगत होतो. शेवटी बस बॉडी बांधणाऱ्या एका ओळखीच्याकडं मशीन मिळालं, पाइप ज्याभोवती वळतो ती डाय आम्ही स्वतः टर्न केली. पहिले दोन पाइप वळणावर चपटे झाले. बापू काही बोलले नाहीत, फक्त ते दोन्ही पाइप माझ्या टेबलाला टेकवून उभे करून गेले.

सात महिने, साडेचार लाख रुपये. हिशेब धाकट्या भावानं ठेवलाय, तो अजून अधूनमधून वाचून दाखवतो.

2016 च्या पावसाळ्यात गाडी चौदा फुटी आयशरमध्ये चढवली आणि चेन्नईकडं निघालो. गंमत बघा, शिरोलीवरून जाणारा तोच महामार्ग बेळगाव, हुबळी, बंगळूर, वेल्लूर करत थेट चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकपाशी जातो. सव्वा नऊशे किलोमीटर. पाच माणसं, दोन डबे भडंग, आणि गाडी सरकतेय का हे बघायला दर टोलनाक्यावर बापू खाली उतरणार.

मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक 1990 पासूनचा, लांबी 3.7 किलोमीटरच्या आसपास, वळणं बारा. टीव्हीवर सगळं सपाट आणि सोपं दिसतं. कुंपणापाशी उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळलं की मुख्य सरळ पट्टा संपल्यावरच्या उजव्या वळणाला ही पोरं ब्रेकला जवळपास पाय लावत नाहीत.

पहिला दिवस तपासणीचा. स्क्रुटिनिअरिंग म्हणतात त्याला. टेबलामागं बसलेल्या त्या माणसाचा चेहरा मी ओळखला. गिऱ्हाइकाच्या क्वालिटी विभागात असाच एक जण असतो, गेज हातात घेऊन, आपल्या नगाकडं न बघता आपल्याकडं बघणारा. केज त्यांनी ठोकून पाहिला, वेल्ड नखानं चाचपले आणि मान हलवली. बापूंची छाती दोन इंच फुगली. बेल्टचे बोल्ट, अग्निशामक, पुढं-मागं ओढायचे हूक, सगळं बरोबर. मग ते म्हणाले, इंजिन चालू करा आणि मास्टर स्विच बंद करा.

अपघातात कुणीही बाहेरून तो स्विच फिरवला की गाडीतली सगळी वीज तुटून इंजिन मेलं पाहिजे, अशी कल्पना. पुतण्यानं इंजिन चालू केलं, बापूंनी स्विच फिरवला. इंजिन चालूच. परत फिरवला. चालूच, उलट जरा सुरात आलं.

"मालक, ह्ये बंद हुईना की!"

टेबलावरच्या माणसानं लाल पेनानं फुली मारली.

आम्ही लावला होता ट्रॅक्टरचा साधा कट-ऑफ. तो बॅटरी तोडतो, एवढंच. पण इंजिन फिरत असलं की अल्टरनेटर वीज बनवत राहतो, आणि इग्निशनला बॅटरी नसली तरी त्याची वीज पुरते. पस्तीस वर्षं इंजिनांचे भाग करणाऱ्या वर्कशॉपला हे तिथं पिटमध्ये, ट्रॅककडेच्या गाडी दुरुस्तीच्या जागेत, उभं राहून शिकावं लागलं. आणि "ड्रॉइंगप्रमाणेच आहे" म्हणायला कुणाचं ड्रॉइंगच नव्हतं.

शेजारच्या पिटमध्ये कोइमतूरचे एक वयस्कर मेकॅनिक होते. त्यांनी बघितलं आणि पत्र्याच्या पेटीतून सहा टर्मिनलचा स्विच काढून दिला. एक जोडी बॅटरी तोडते, दुसरी इग्निशन तोडते, तिसरी अल्टरनेटरची उरलेली वीज एका रेझिस्टरमधून जमिनीला सोडते. पैसे विचारले तर हात हलवला. कुठून आलात, विचारलं. कोल्हापूर म्हटल्यावर लगेच म्हणाले, "फौंड्री!" त्यांच्या गावी पंप आणि मोटारी, आमच्या गावी इंजिनं, आणि दोन्हीकडं गल्लोगल्ली फौंड्र्या. रेस-गाड्या बांधणाऱ्या करिवर्धननी 1988 मध्ये मारुती 800 चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती ही रेसची गाडी केली ती याच कोइमतूरच्या हातांवर. फॉर्म्युला वनमध्ये गेलेल्या नारायण कार्तिकेयनची सुरुवातही त्याच गाड्यांत. बापूंना तमिळ येत नाही, त्यांना मराठी येत नाही. दोघं तासभर एकमेकांशी इलेक्ट्रोडच्या नंबरात बोलत होते.

रात्री अकराला वायरिंग झालं. सकाळी तपासणी पास. बापूंनी स्विच फिरवला तेव्हा आलेली ती शांतता मला अजून आठवते.

सरावाला गाडी बाहेर पडली आणि पाच लॅप फिरून आली. ब्रेक ठीक, पाण्याचं तापमान ठीक. पुतण्या हेल्मेट काढता काढता म्हणाला, "काका, पहिल्या वळणावर ऑइलचा दिवा लुकलुकतोय. वळण संपलं की जातो."

इथं मी चूक केली, आणि ती सांगण्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलंय. रात्रभर वायरिंगमध्ये हात घातला होता, त्यामुळं मनात वायरिंगच होतं. मी म्हणालो, कनेक्टर सैल असणार. तासभर डॅशखाली डोकं घालून टर्मिनल दाबली, टेप गुंडाळली. दुपारच्या सरावात दिवा पुन्हा लागला. मी म्हणालो, सेन्सर गेलाय, दुर्लक्ष कर. शनिवारी सकाळी क्वालिफायिंगला, म्हणजे रेसच्या सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेरीला, अठरापैकी सोळावे आलो. मागं दोघं आहेत म्हणून आमची पोरं नाचली. नाद खुळा.

दुपारी पहिली रेस, आठ लॅपची. सुरुवातीचे दिवे विझले, अठरा गाड्या एकदम सुटल्या, आणि त्यात आपली एक आहे, हे बघताना गळ्यात काय येतं ते मी सांगू शकत नाही. दोन लॅप तो चौदाव्या जागी होता. तिसऱ्या लॅपला पहिल्या वळणानंतर गाडी हळू झाली आणि गवतात जाऊन उभी राहिली.

ट्रकनं ओढून आणेपर्यंत माझा पारा चढला होता. "दुर्लक्ष कर म्हटलं होतं ना तुला?" सगळ्यांसमोर ओरडलो. तो म्हणाला, "काका, या वेळी दिवा गेलाच नाही. वळण संपून सरळ आलो तरी तीन-चार सेकंद तसाच. मग मी बंद केली."

कोइमतूरकरांनी ऐकलं असावं. त्यांनी येऊन त्यालाच विचारलं, मला नाही. दिवा उजव्या वळणाला लागतो की डाव्या? फक्त त्या लांब उजव्या वळणाला. त्यांनी मोडक्या हिंदीत मला सांगितलं, "सार, वायर को राइट-लेफ्ट मालूम नहीं."

मग डोक्यात उजेड पडला. रस्त्यावरच्या गाडीचा ऑइल सम्प, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, रस्त्यावरच्या वळणांसाठी केलेला असतो. रेसच्या टायरवर, लांब वळणात, वेगात, सगळं ऑइल एका बाजूच्या भिंतीवर चढतं. तळाशी पंपाची जाळी असते तिथं ऑइलच उरत नाही, पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं, दिवा लागतो. दोन-तीन सेकंद पुष्कळ होतात. बेअरिंगचे शेल कोरडे पडले की क्रँकला धरतात आणि इंजिन संपतं. ज्या इंजिनांच्या पोटातलं स्पेअर बनवण्यात आमच्या घराची दोन पिढ्यांची रोजीरोटी झाली, त्याच्या पोटात ऑइल कुठं जातं हे मी बघितलं नव्हतं. आणि दिवा खरंच खरं बोलत होता.

संध्याकाळी ऑइल काढलं. बापूंनी आपला धुतलेला पांढरा रुमाल पातेल्यावर ताणून धरला आणि ते त्यातून गाळलं. मोबाइलच्या उजेडात रुमाल इकडून तिकडं तिरका करून बघितला. शेल खरवडले असते तर रुपेरी कण चमकले असते. काळा डाग होता, चकाकी नव्हती. मग हॅक्सॉनं फिल्टर कापला, आतला कागद पट्टीसारखा उलगडला. तिथंही नाही. पुतण्यानं वेळेवर किल्ली फिरवली होती. मी त्याला सॉरी म्हणालो नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. रात्री त्याच्या ताटात माझ्यातलं ऑम्लेट सरकवलं.

ट्रॅकवर सम्प कापून वेल्ड करणं शक्य नव्हतं. कोइमतूरकरांच्या सांगण्यावरून अर्धा लिटर ऑइल जास्त घातलं. त्यानं क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, ताकद थोडी जाते, बाहेर पडणारं ऑइल झेलणारा कॅच टँक भरतो. ठरलं असं की त्या एका वळणात पुतण्यानं पाय जरा उचलायचा आणि दिवा लागलाच तर मला न विचारता बाहेर यायचं.

रविवारी पंधरा गाड्यांनी रेस संपवली, आम्ही तेरावे. चौकटीचा झेंडा आमच्या गाडीवरही पडला. मागून थोडा निळा धूर येत होता. बापू म्हणाले, "जाळ अन् धूर संगटच." पण कुणी हसलं नाही, सगळे नुसते उभे होते.

कोल्हापुरात आल्यावर पहिलं काम म्हणजे सम्प उतरवला. जाळीभोवती पत्र्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्या घालून चौकोनी खोली केली. तिला चार बाजूंनी छोटी झडपदारं, जी फक्त आत उघडतात. ऑइल आत येतं, वळणात बाहेर पळू शकत नाही. पहिल्या नगाची झडप बिजागरीत अडकायची. दुसऱ्यात बिजागरीची पिन अर्धा मिलिमीटर बारीक केली. तिसरा गाडीत बसला आणि पुढच्या फेरीत दिवा लागला नाही.

त्या फेरीला कोइमतूरकरांनी आमचा सम्प खालून पाहिला, बोट लावून झडप हलवून बघितली, आणि दोन मागितले. स्विचचे पैसे त्यांनी घेतले नव्हते म्हणून मी हे फुकट देऊ केले. त्यांनी ऐकलं नाही, बिल पाहिजे म्हणाले. परत येऊन चलन लिहायला बसलो तर ड्रॉइंग नंबरच्या रकान्यात काय लिहायचं, हेच कळेना. तो रकाना कायम गिऱ्हाइकाच्या कागदावरून उतरवायचा असतो. धाकटा भाऊ म्हणाला, 1 लिही. लिहिलं.

आज महिन्याला आठ-दहा सम्प जातात. पोट अजून कास्टिंगच्या जॉबवर्कवरच आहे, उगाच मोठ्या गप्पा मारत नाही. पाइप वाकवायचं मशीन आता स्वतःचं आहे. ट्रॅक्टरचा तो स्विच बापूंनी वेल्डिंगच्या बूथमध्ये खिळ्याला टांगून ठेवलाय. नवीन पोरगं लागलं की बापू त्याला तो हातात देतात आणि विचारतात, ह्यानं इंजिन बंद हुतंय का सांग.

गाडी मागच्या शेडमध्ये जॅकवर आहे. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवणारी कडी, गेलाय, गिअरबॉक्स खोललाय, आणि पुतण्या म्हणतोय की दोष क्लचचा आहे. बघू.