नकाशातली चूक आणि करारातली चूक

२३ ऑक्टोबर २०१२. भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाला फ्लोरिडातल्या बोका रॅटनहून तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष बराक ओबामा आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीतले त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी यांच्यातल्या तिसऱ्या, शेवटच्या वादचर्चेचं प्रक्षेपण सुरू झालं. विषय एकच, परराष्ट्र धोरण. नव्वद मिनिटं, पंधरा-पंधरा मिनिटांचे सहा भाग. सूत्रसंचालक बॉब शीफर यांनी सहाही विषय आधीच जाहीर केले होते, त्यामुळे अफगाणिस्तान, इराण, पश्चिम आशिया आणि चीन यांची मूळ कागदपत्रं काढून ठेवता आली होती. आंतरराष्ट्रीय डेस्कवर माझ्याकडे पडताळणी होती.

अशा कामात पहिला नियम म्हणजे वाक्य आधी इंग्रजीत, जसंच्या तसं, वेळेसह उतरवून घ्यायचं. मराठी नंतर. भाषांतर करताना माणूस नकळत बोलणाऱ्याची चूक दुरुस्त करून टाकतो. मग प्रत्येक दावा चारांपैकी एका रकान्यात टाकायचा: नाव किंवा नकाशा, आकडा, अधिकार, हेतू. अधिकाराच्या रकान्यात करार, कायदा आणि संसदेची मंजुरी येते, म्हणजे कोण काय करू शकतो आणि कोणाच्या संमतीने. हेतूच्या रकान्यातलं तपासता येत नाही, ते सोडून द्यायचं. दुसरा नियम असा, की बातमीवर बातमीचा आधार घ्यायचा नाही. कराराचा मजकूर, अर्थसंकल्पाचे तक्ते, आधीची भाषणं, एवढंच प्रमाण.

पहिल्या भागातच रॉम्नी म्हणाले की सीरिया हा अरब जगातला इराणचा एकमेव मित्र आहे आणि तो इराणचा समुद्राकडे जाणारा मार्ग आहे. हे तपासायला मिनिटही लागलं नाही. इराणला दक्षिणेला पर्शियन आखात आणि ओमानच्या आखाताचा दोन हजार किलोमीटरहून लांब किनारा आहे, उत्तरेला कॅस्पियन आहे, बंदर अब्बाससारखं मोठं बंदर आहे. शिवाय इराण आणि सीरिया यांची सीमा एकमेकांना लागतच नाही, मध्ये इराक आहे. आमची बातमीची पट्टी लगेच गेली: रॉम्नी नकाशात चुकले.

पट्टी बरोबर होती, पण अपुरी होती. त्यांचं पुढचंच वाक्य होतं की लेबनॉनमधल्या हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेला शस्त्रं पोचवण्याचाही तोच मार्ग आहे. तो मुद्दा भक्कम होता. इराणकडून हिजबुल्लाला जाणारी मदत मोठ्या प्रमाणात सीरियामार्गेच जात होती, आणि सीरियातलं असद सरकार पडलं तर इराणची भूमध्य समुद्रापर्यंतची पोच तुटली असती. रॉम्नी यांनी हा शब्दप्रयोग त्याआधीही केला होता. म्हणजे आयत्या वेळी जीभ घसरलेली नव्हती. सल्लागारांच्या टिपणातलं ‘भूमध्य समुद्र’ कुठेतरी नुसतं ‘समुद्र’ झालं आणि तसंच पाठ झालं, असं मला वाटतं. टिपणावर तयार झालेल्या उमेदवाराची चूक अशीच असते: निष्कर्ष बरोबर, त्याखालचा भूगोल पोकळ. नकाशाच्या चुकीवरून माणसाचं पाठांतर कळतं, त्याची समज कळायला पुढचं वाक्य ऐकावं लागतं.

मग आरमार. १९१७ नंतर आज आपलं आरमार सर्वांत लहान आहे, असं रॉम्नी म्हणाले. आरमाराला ३१३ जहाजं हवी आहेत आणि आता २८५ देखील नाहीत, असंही म्हणाले. अमेरिकी आरमाराच्या स्वतःच्या वर्षवार तक्त्यात २००७ ची संख्या २८० च्याही खाली होती, म्हणजे ‘सर्वांत लहान’ हा शब्द टिकत नव्हता. ओबामांनी उत्तर दिलं की आपल्याकडे घोडे आणि संगिनीही कमी झाल्या आहेत, आता विमानवाहू जहाजं आहेत, पाण्याखालून जाणाऱ्या अणुपाणबुड्या आहेत. सभागृहाबाहेर तेच वाक्य गाजलं. पण एक विमानवाहू जहाज एका वेळी एकाच समुद्रात असू शकतं. किती ठिकाणी एकदम हजर राहायचं आहे, यावर जहाजांची संख्या ठरते, आणि त्या ठिकाणांची यादी दोघांपैकी कोणीच दिली नाही. संख्येवरच्या वादात धोरणाचा प्रश्न तो होता.

आमच्या हातून खरी निसटली ती इराकची देवाणघेवाण.

रॉम्नी म्हणाले की इराकमध्ये ‘स्टेटस ऑफ फोर्सेस’ करार व्हायला हवा होता यावर तुमचं-माझं एकमत होतं. ओबामा म्हणाले, हे खरं नाही. दहा हजार सैनिक इराकमध्ये अडकवून ठेवायला आपण तयार नव्हतो, असं ते पुढे म्हणाले. रॉम्नी यांनी पुन्हा सांगितलं की तसा प्रयत्न तुमच्याच सरकारने केला होता. दोघं एकमेकांवर बोलत होते, उपशीर्षकांत ओळी गळत होत्या. आमच्या तक्त्यात हे सगळं ‘आकडा’ या रकान्यात पडलं: दहा हजार की त्याहून कमी? पहिल्या कॉपीत त्याची एक ओळ झाली, तीही ‘सैनिकांच्या संख्येवरून खडाजंगी’ अशी.

रकाना चुकला होता. हा आकड्याचा दावा नव्हताच, अधिकाराचा होता. या कराराचं मराठी आम्ही घाईत ‘सैन्यस्थिती करार’ केलं होतं, त्यातून काहीच कळत नाही. परक्या देशात तैनात सैनिकाने गुन्हा केला तर त्याच्यावर कोणाचं न्यायालय खटला चालवणार, हा त्या कराराचा गाभा असतो. बुश सरकारने नोव्हेंबर २००८ मध्ये इराकशी केलेल्या कराराचा मजकूर टेबलावरच होता. त्याचं बारावं कलम याच विषयावर आहे, आणि सर्व अमेरिकी सैन्य ३१ डिसेंबर २०११ पर्यंत बाहेर पडेल ही मुदतही त्याच करारातली. त्यानंतर सैन्य ठेवायचं तर नव्याने संमती हवी होती.

२०११ मध्ये ओबामा सरकारने काही हजार सैनिक मागे ठेवण्यासाठी बगदादशी बोलणी केली होती. इराकी कायद्यापासून सैनिकांना संरक्षण हवं आणि त्याला इराकी संसदेची मंजुरी हवी, ही वॉशिंग्टनची अट होती. प्रशिक्षक राहू देत, पण संरक्षण देणार नाही, अशी भूमिका ऑक्टोबरच्या सुरुवातीला इराकी नेत्यांनी घेतली. २१ ऑक्टोबरला ओबामांनी पूर्ण माघार जाहीर केली.

हे समोर ठेवल्यावर त्या सकाळचं चित्र बदलतं. सीरियाच्या वाक्यात चुकलेले रॉम्नी इराकच्या इतिहासात बरोबर होते. ओबामांचं ‘हे खरं नाही’ त्यांच्याच सरकारच्या बोलण्यांशी जुळत नव्हतं. आणि त्याहून मोठी गोष्ट दोघांच्याही बोलण्यात नव्हती: निर्णय शेवटी बगदादच्या संमतीवर अडला होता. ‘मी ठेवले असते’, ‘मी ठेवले नसते’ अशा भाषेत दुसरा देश उरतच नाही. परराष्ट्र धोरणाची समज तपासायची जागा मला तरी हीच वाटते. नावं पाठ करता येतात. समोरच्या देशाकडेही संसद आहे, न्यायालय आहे, मतदार आहेत हे धरून बोलणं पाठ करता येत नाही.

तिथे उपप्रश्न हवा होता. ६ ऑक्टोबर १९७६ ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या अशाच वादचर्चेत तेव्हाचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड म्हणाले होते की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. पत्रकार मॅक्स फ्रँकेल यांनी तिथल्या तिथे पुन्हा विचारलं, वाक्य सावरायची संधी दिली. फोर्ड यांनी पोलंड, रुमानिया आणि युगोस्लाव्हियाची नावं घेऊन तेच आणखी घट्ट केलं. त्या एका उपप्रश्नामुळे ती चूक नि:संदिग्ध ठरली. बोका रॅटनला इराकचा मुद्दा तसाच सुटला आणि चर्चा पुढे सरकली.

शेवटच्या भागात चीन आला तेव्हा आम्ही सावध होतो. पहिल्याच दिवशी चीनला चलनात फेरफार करणारा देश ठरवू, त्यामुळे आयातशुल्क लावता येईल, असं रॉम्नी म्हणाले. दावा सरळ ‘अधिकार’ रकान्यात टाकला. १९८८ च्या कायद्यानुसार असा शिक्का अर्थखातं मारतं आणि त्यातून त्या देशाशी वाटाघाटी सुरू करण्याचं बंधन येतं. शुल्क आपोआप लागत नाही, त्यासाठी वेगळ्या कायद्याचा आधार लागतो. (पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये हा शिक्का खरोखर मारला गेला आणि जानेवारी २०२० मध्ये काढलाही गेला. चिनी मालावरचं वाढीव शुल्क त्याआधी, २०१८ पासूनच, दुसऱ्या कायद्यांखाली लागू झालेलं होतं.)

चर्चा आठ वाजता संपली. दुसऱ्या कॉपीसाठी मी अधिकृत उतारा येईपर्यंत थांबलो, इराकची देवाणघेवाण शब्दशः पुन्हा लावली आणि ‘सैन्यस्थिती करार’ काढून ‘परदेशी सैनिकांवर कोणाचा कायदा चालेल हे ठरवणारा करार’ असं लिहिलं. मथळ्याच्या दृष्टीने ते लांबच होतं. सीरियाच्या परिच्छेदात हिजबुल्लाचं वाक्य जोडलं. इराक एका ओळीवरून चार परिच्छेदांवर गेला, आणि जागेसाठी घोडे-संगिनींचा परिच्छेद कापावा लागला.