कंडक्टर ताईचा सावळा रंग

आज कंडक्टर ताईची पहिली फ्रेम रंगवून झाली. रोज जेवणं आवरली की टॅब्लेट घेऊन बसतेय आणि आज स्क्रीनवर जे दिसतंय ते बघून इतकं भारी वाटतंय की झोपायच्या आधी सगळं लिहून ठेवते, नाहीतर कुठला लेयर (चित्राचा एकावर एक ठेवलेला थर) कशासाठी केला हे पुढच्या फ्रेमपर्यंत डोक्यातून जाईल.

ताई म्हणजे माझ्या कॉमिकची नायिका. एसटीत कंडक्टर, पस्तिशीची, दणकट, खांद्याला चामड्याची बॅग आणि रंगाने चांगली सावळी. घाटात बस बंद पडलीय, हिचा एक पाय पायरीवर, एका हाताने दांडा धरलाय आणि दुसऱ्याने एका आजोबांना अलगद खाली उतरवून घेतेय.

कच्चं स्केच मी फिकट निळ्या रंगातच करते. कागदावर काम करणाऱ्या जुन्या आर्टिस्ट लोकांची ही पद्धत, तो निळा छपाईच्या कॅमेऱ्यात उमटायचा नाही त्यामुळे पेन्सिल खोडत बसावं लागायचं नाही. आता लेयर बंद केला की झालं, पण निळ्यावर काळी रेघ नजरेला लगेच सापडते म्हणून मी ते सोडलं नाहीये. इंकिंग, म्हणजे स्केचवर पक्क्या काळ्या रेघा ओढणं, क्रिता नावाच्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ते फुकट आहे आणि मला पुरून उरतं. स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची थरथर रेघेत उतरू न देणारी सोय, थोडाच ठेवते, जास्त ठेवला की रेघ गुळगुळीत होते पण तिच्यातला जीव जातो. पाठीची, दंडाची लांब रेघ खांद्यातून हात फिरवून एका दमात ओढायची, मनगटाने नाही. बाहेरची रेघ जाड, आतल्या घड्यांची बारीक, आणि जिथे वजन पडतंय तिथे, म्हणजे पायरीवरच्या चपलेखाली, अजून जाड. मधूनमधून एम दाबून कॅनव्हास आरशासारखा उलटा करून बघायचा, चेहरा एका बाजूला कलला असेल तर तिथेच कळतं.

मग फ्लॅट्स. खाकी एक लेयर, त्वचा एक, केस एक, बस वेगळी. नुसते सपाट रंग, सावली वगैरे काही नाही. फिल टूलमध्ये, म्हणजे बंद भागात रंग ओतणाऱ्या टूलमध्ये, निवडलेला भाग दोन पिक्सेल वाढवून घेतलं की रेघेच्या कडेला ती पांढरी किनार राहत नाही. हे काम कंटाळवाणं आहे असं सगळे म्हणतात, मला आवडतं बाबा, गाणी लावून निवांत करते.

खरी मजा इथून पुढे. सगळ्यात वर एक लेयर टाकून चित्र काळंपांढरं करून बघितलं तर खाकी छान उठून दिसत होती पण ताईचा चेहरा आणि मागची लाल बस दोन्ही जवळजवळ एकाच राखाडीत! रंगात बघताना लाल आणि तपकिरी किती वेगळे वाटतात, पण उजळपणा सारखाच. आता सोपा उपाय म्हणजे ताईला गोरी करणं, आणि बऱ्याच तयार पॅलेटमध्ये त्वचेचे म्हणून जे रंग असतात ते बहुतेक गुलाबी-पीचच असतात, पण ते मी करणार नाही. माझ्या आत्या, मावशा, बसमध्ये रोज दिसणाऱ्या बायका या रंगाच्या आहेत, त्यांच्यातलीच ही आहे. मग बदलायची ती बस. चेहऱ्यामागचा पत्रा सावलीत ढकलून गडद केला आणि ताईच्या गालावर, नाकाच्या कडेला सकाळचं ऊन पाडलं, चेहरा एकदम पुढे आला.

सावलीसाठी मल्टिप्लाय लेयर, म्हणजे खालचा रंग गडद करणारा थर, खालच्या रंगाला क्लिप करून, म्हणजे तो त्या रंगाच्या बाहेर जात नाही. पण सावळ्या त्वचेवर राखाडी किंवा काळी सावली टाकली की माणूस आजारी दिसतो. मी लालसर जांभळा घेतला, आणि ऊन जिथे संपून सावली सुरू होते त्या कडेला बारीकसा तापलेला विटकरी पट्टा. वरून कपाळावर आभाळाचा थोडा थंड निळसर उजेड. या तीन गोष्टी पडल्या आणि त्वचा जिवंत झाली, खरंच, मी बराच वेळ नुसती बघत बसले.

रंग फक्त आवडीने ठरत नाही, छपाईसुद्धा ठरवते. मार्व्हल कॉमिक्समधला हल्क 1962 च्या पहिल्या अंकात राखाडी होता, छापताना तो राखाडी एकसारखा येईना म्हणून पुढच्या अंकापासून हिरवा झाला. मलाही हे कॉमिक कागदावर हवंय म्हणून फाईल पहिल्यापासून ए4, 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेल. कंट्रोल वाय दाबून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर रंग कसे दिसतील त्याचा स्क्रीनवरचा अंदाज, बघितलं, बसचा लाल जरासा मंदावला, सावळा मात्र जवळपास तसाच राहिला, कारण तो मुळात भडक नाहीच.

दुसरी फ्रेम रात्रीची आहे, घाटातल्या नाक्यावर सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली. त्या उजेडात लाल बस तपकिरी दिसणार, खाकी आणि त्वचा दोन्ही पिवळ्यात बुडणार, म्हणजे ताईला वेगळं काढायला रंग नाही, नुसती काळी शाईच हाताशी. केस, बॅग आणि अर्धा चेहरा सरळ काळा भरायचा विचार आहे. लहान लहान थंबनेल, म्हणजे फ्रेमची कच्ची छोटी चित्रं, उद्या आधी फक्त काळ्यापांढऱ्यात करून बघते.