बाबांचं बिल

हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी पडल्यामुळे ॲडमिट असलेल्या बाबांना आज डिस्चार्ज मिळाला. बिल नीट वाचलं. अंगातलं पाणी उतरवणारं लॅसिक्सचं इंजेक्शन, ज्याने त्यांचा दम कमी झाला, ते अगदी किरकोळ. खरा आकडा आयसीयूचं भाडं, डॉक्टरांच्या व्हिजिटा, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रोजच्या रक्ततपासण्यांचा! सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं पाच लाखांचं कवच आहे, पण ते ॲडमिट झाल्यावर. पुढे महिनोन्‌महिने लागणाऱ्या गोळ्या आपल्याच खिशातून. आणि खर्चापायी गोळ्या सुटल्या की पाय सुजतात, परत ॲडमिट. काय हिशेब आहे हा? त्यातल्या त्यात, मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या हार्ट फेल्युअरवरच्या औषधाचं पेटंट संपलं, ती गोळी बरीच स्वस्त झाली. येताना वजनकाटा घेतला; दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, म्हणजे अंगात परत पाणी साठतंय, तर लगेच डॉक्टरांना फोन करायचा. बाबांना मात्र एवढंच विचारायचं होतं, "लोणचं चालेल ना?" अजिबात नाही, बाबा, मीठ किती असतं त्यात!