आमची वाटचाल: नाथसागराच्या काठावरून

आमची जीपीएस यंत्रं खोटी नव्हती. पैठणवाल्याचा माल डुप्लिकेट, अशी बोंब उठली होती. २०१३ च्या उन्हाळ्यापासून तिचं उत्तर तोंडी सांगत आलोय, आज लिहून ठेवतो.

दुकान वडिलांचं. पैठणला मोटर रिवाइंडिंगपासून सुरुवात. जायकवाडीच्या फुगवट्यावर पंप वाढले तशी ऑइल इंजिनं आली, मग होड्यांची इंजिनं, लाइफ जॅकेट. जीपीएस, म्हणजे उपग्रहावरून आपली जागा दाखवणारं यंत्र, मात्र मी आणलं. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, ५५ किलोमीटर लांब, रुंदी काही ठिकाणी २७. थंडीत पहाटे धुकं उतरलं की वल्ह्याचं टोक दिसत नाही, अन् संध्याकाळी टाकलेलं जाळं कोणत्या अंगाला राहिलं हे पाण्यावर जन्म काढलेल्या माणसालाही सांगता येत नाही. गार्मिन कंपनीचं ईट्रेक्स १० हे हातात मावणारं जीपीएस बाजारात आल्यावर मी दोन नग मागवले. एक काउंटरवर ठेवला, दुसरा तात्यांच्या हातात दिला.

तात्या भोई समाजातले, वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. त्यांचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. पंधरा दिवसांनी ते यंत्र घेऊन परत आले. “भाऊ, होडी उभी केली की बाण गरगर फिरायलाय.” मी त्यांच्याबरोबर होडीत बसलो तेव्हा कारण कळलं. ईट्रेक्स १० मध्ये होकायंत्र नाही. आपण चालत असलो तरच त्याला दिशा कळते. चार वल्ही मारा, बाण ताळ्यावर येतो. तेव्हापासून मी हे प्रत्येकाला आधीच सांगतो.

२०१२ ला पाऊस दगा देऊन गेला. धरण मृतसाठ्यात, होड्या चिखलात उलथ्या, दुकानात माशी उडत नव्हती. अशात एका ठेकेदाराने आठ यंत्रांची ऑर्डर दिली. उरलेल्या पाण्यापासून पंपांपर्यंत चर खोदायचे, त्यांच्या जागा नोंदवायच्या होत्या. पाऊण लाखाचा माल मी उसनवारीने आणला. त्यांच्या इंजिनिअरला जागांचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, अंश, मिनिट, सेकंदात हवे होते. पाच यंत्रं मी तशी लावून दिली. उरलेली तीन घाईघाईत कंपनीच्या मूळ सेटिंगवर राहिली, म्हणजे सेकंद नाहीत, मिनिटांचे दशांश. चूक इथे झाली, आणि ती माझी.

काठावरच्या पोराने यंत्रात वाचलं १९ अंश ३०.४५० मिनिटे. फोनवर सांगितलं, “एकोणीस, तीस, पंचेचाळीस.” पलीकडे लिहिलं गेलं ४५ सेकंद. खरे सेकंद होते २७. एका सेकंदाला उत्तर-दक्षिण साधारण ३१ मीटर, म्हणजे १८ सेकंदांना साडेपाचशे मीटर. पोकलेन तेवढ्या अंतरावर, भलत्याच जागी रात्रभर खोदत राहिला.

सकाळी आठही यंत्रं आणून माझ्या काउंटरवर आपटली. पैसे दिले नाहीत, ते आजतागायत नाहीत. मी तिथेच सेटिंग बदलून दाखवलं, दोन यंत्रं शेजारी ठेवून एकच जागा दाखवली. कोणी बघायला तयार नव्हतं. त्यावर शहरातल्या एका दुकानदाराने बोंब उठवली की पैठणवाल्याचा माल डुप्लिकेट आहे. हाच माणूस वर्षभर आधी माझ्याकडे दर विचारायला येऊन चहा पिऊन गेला होता. सहा महिने एक नग विकला गेला नाही. मंडळीचे दागिने गहाण पडले. ते सुटले, पण ती बोंब मी विसरलेलो नाही.

मे महिन्यात तात्या दुकानात आले. “भाऊ, बसून काय होणार? यंत्र घ्या अन् चला. माझं गाव उघडं पडलंय.”

भेगाळलेल्या गाळातून आम्ही नऊ दिवस चाललो. घरांच्या जोत्यांच्या रांगा, विहिरीचा दगडी काठ, बाभळींचे काळे बुंधे. एका चौथऱ्याशी तात्यांनी चप्पल काढली. मारुतीचा पार, म्हणाले. मी यंत्र त्यावर ठेवलं, आकाश मोकळं होतं, अचूकतेचा आकडा पाच मीटरच्या आत येईस्तोवर थांबलो आणि अंगठ्याखालची काडी दाबून धरली. खूण बसली, म्हणजे ती जागा यंत्रात साठवली गेली. अशा बासष्ट खुणा. प्रत्येक आकडा मी वहीत लिहिला, पुढे तात्यांनी सांगितलेलं नाव.

पाणी चढल्यावर या बासष्ट जागा इंजिनाच्या पंख्याला आणि जाळ्याला खाणाऱ्या ठरल्या. ज्याच्या यंत्रात त्या होत्या त्याचा पंखा वाचला. परत आलेली आठही यंत्रं भोई बांधवांनी हप्त्याने घेतली, एकाचाही हप्ता बुडाला नाही. पुढची वर्षं बरी गेली.

म्हणून सांगतो, नाथसागरावर रंगीत नकाशाला पैसे घालू नका. नकाशातला काठ एकाच पातळीचा असतो, आपलं पाणी उन्हाळ्यात कोसभर मागे सरकतं. ईट्रेक्स १० मध्ये हजार खुणा बसतात, दोन पेन्सिल सेलवर ते २५ तास चालतं. रिचार्जचे सेल घातले तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीची पट्टी चुकीची दिसते. होकायंत्र हवं असेल तर २०२३ ला आलेलं ईट्रेक्स एसई बघा. जीपीएसमॅप ७८ पाण्यावर तरंगतं, ईट्रेक्स बुडतं. पण तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा जाळ्याचा थर्माकोलचा फ्लोट नायलॉनच्या दोरीने बांधा आणि एकदा बादलीत सोडून बघा. मोबाइलही रेंजशिवाय जागा दाखवतो, हे मी नाकारत नाही. ओल्या बोटांनी आणि दुपारच्या उन्हात तो वापरून बघा, मग बोलू. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र कोणी परदेशातून आणून दिलं तरी घेऊ नका, आपल्याकडे ते परवानगीशिवाय चालत नाही.

जुनं यंत्र घेताना सेलचं झाकण उघडा. स्प्रिंगवर हिरवा थर असेल तर पाणी शिरलेलं किंवा सेल गळलेला असू शकतो. थर पातळ असला तर बारीक पॉलिश पेपरने निघतो, पण झाकणाची रबरी पट्टी चिरलेली असेल तर ते यंत्र सोडा. आमच्याकडे प्रत्येक नग विकण्याआधी स्टीलच्या बादलीत अर्धा तास चालू ठेवतो. कंपनी एक मीटर पाण्यात तीस मिनिटांची हमी देते, मग गिऱ्हाइकाने ती डोळ्यांनी बघितलेली बरी.

तात्या आता होडीवर जात नाहीत. त्यांचं यंत्र नातू वापरतो, अजून चालतं. वही काउंटरच्या वरच्या खणात आहे. माल कुठूनही घेतलेला असो, खुणा येऊन उतरवून घ्या, पैसे नाहीत. पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलंय: सगळे आकडे मिनिटांच्या दशांशात, सेकंदात नाहीत.