बुडण्यासाठी बांधलेली बाग

नायगारा झाला, सीएन टॉवर झाला, थाउजंड आयलंड्सच्या बोटीत एक डुलकीही काढून झाली. त्याबद्दल लिहीत नाही. सगळ्यांनी लिहून ठेवलंय, आणि फोटोही सगळ्यांचे सारखेच येतात.

टोरांटोत आम्हाला महिना झाला तेव्हा लेक म्हणाली, "आई, उद्या नवी नदी बघायला जाऊ."

"नदी कधी नवी असते का गं?" ह्यांनी मोबाईलमधून मान वर केली.

डिस्टिलरी नावाच्या भागापर्यंत स्ट्रीटकारनं, म्हणजे ट्रामनं गेलो आणि पुढे चेरी स्ट्रीटनं पायी. रेल्वेचे रूळ डोक्यावर, मग उड्डाणपूल डोक्यावर, ऑगस्टचं ऊन आणि माझे गुडघे. बागेपर्यंत बस जाते हे येताना कळलं. लेकीला माहीत होतं. तिला वाटलं आम्हाला चालायला आवडतं!

आधी एक पांढराशुभ्र पूल लागतो, आतून लालभडक. हे तिथेच अडकले. आयुष्य बांधकाम खात्यात गेलेला माणूस पूल ओलांडत नाही, तपासतो. तो नोव्हा स्कोशियात तयार करून बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू नावेवर चढवून सेंट लॉरेन्स नदीतून आणला, हे लेकीनं सांगितल्यावर तर दहा मिनिटं तिथेच गेली.

पुलाखाली पाणी होतं, पण नदी वाटेना. सरळसोट कालवा. ती कीटिंग चॅनेल. डॉन नदी उत्तरेकडून येते आणि पूर्वी इथे ऑन्टॅरिओ तळ्याच्या तोंडाशी भलीमोठी दलदल होती, अ‍ॅशब्रिजेस बे. 1912 पासून ती भरत नेली, वर कारखाने आणि तेलाच्या टाक्या आणल्या, आणि नदीला काटकोनात उजवीकडे वळवून या कालव्यात घातलं. पुढे नदीची इतकी घाण झाली की 1969 मध्ये 'पोल्यूशन प्रोब' या पर्यावरणवादी संघटनेच्या विद्यार्थ्यांनी तिची अंत्ययात्रा काढली. खरोखरची, शवपेटीसकट. हे ऐकून मी जरा गप्पच झाले. आपण अस्थी घेऊन नदीवर जातो. नदीच गेली तर तिला कुठे न्यायचं?

पूल ओलांडला आणि अर्ध्या तासानं खरी नदी दिसली. वळत, रेंगाळत, दोन्ही काठांना गवत घेऊन तळ्याकडे निघालेली. ही माणसांनी खणलेली नदी आहे, डॉनचं नवं मुख. 2007 च्या स्पर्धेतून आराखडा निवडला, 2017 ला काम सुरू झालं, दहा लाख घनमीटरच्या वर माती उपसली. 2024 मध्ये पाणी सोडलं, आणि बाग उघडली ती आम्ही गेलो त्याच्या आदल्याच महिन्यात, 2025 च्या जुलैत. देश, प्रांत आणि शहर या तिघांनी मिळून सव्वाशे कोटी डॉलर धरले होते, पुढे आकडा वाढला. "वाढला ना? मग सरकारी काम आहे खरं," हे समाधानानं म्हणाले.

बागेचं नाव बीडासिगे. इथल्या मूळ लोकांच्या, अनिशिनाबेंच्या भाषेत अर्थ 'आपल्याकडे येणारा सूर्यप्रकाश'. अगदी खरं आहे. झाडं सगळी कालची, माझ्या खांद्याला येतील अशी, सावली औषधालाही नाही. नात लाकडी घुबडाच्या पोटात शिरून वर तोंड काढत होती आणि मी एका रोपट्याच्या सावलीत डोकं तेवढं मावतंय का ते बघत होते. वीस वर्षांनी या, असा बोर्ड लावायला हवा. आम्ही येणार कुठे!

तिथेच लेकीनं ती बियांची गोष्ट सांगितली. खणताना कित्येक मीटर खाली जुन्या दलदलीची काळी माती उघडी पडली. काही दिवसांनी त्यातून कोंब आले. पाणकणीस आणि लव्हाळी. शंभर वर्षं भरावाखाली दाबलेल्या बिया, ऊन आणि पाणी लागल्याबरोबर उगवल्या. कामगारांनी ती रोपं जपून हलवली, थोडी माती विद्यापीठात नेली. महापुरातली लव्हाळी आपण शाळेपासून ऐकतो, पण भरावाखालची लव्हाळी मी पहिल्यांदाच ऐकली.

"आणि पूर आला की ही पायवाट पाण्याखाली जाते, बाबा. तशीच बांधलीय. खणलेली माती आजूबाजूला टाकून तिथली जमीन उंच केलीय. पाणी इथेच पसरायचं."

इथे 1954 साली हेझल नावाचं चक्रीवादळ आलं होतं, 81 माणसं गेली, आणि त्यानंतर नदीच्या खोऱ्यात घरं बांधू द्यायची नाहीत असं या भागानं ठरवलं. मी खाली बसले. गुडघे दुखत होते हे खरं, पण तेवढंच नव्हतं. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मी तीन वर्षांची होते. आमचं घर पुण्यात, नारायण पेठेत. आई स्टोव्हवरचा भात तसाच टाकून मला काखेत घेऊन निघाली. मला काहीच आठवत नाही, फक्त भिंतीवरची पाण्याची रेघ आठवते, कारण रंग दिला तरी ती पावसाळ्यात परत उठायची. वडील म्हणायचे, नदी आपली जागा बघून गेली. आणि आम्ही त्या मुठा नदीच्या पात्रात रस्ता केला, गाड्या लावल्या, भिंती घातल्या.

नदी अजून स्वच्छ नाही, हेही लिहायला हवं. जोराचा पाऊस झाला की जुन्या नळांतून मैलापाणी पावसाच्या पाण्याबरोबर डॉनमध्ये उतरतं; त्यासाठी जमिनीखाली मोठमोठे बोगदे खणणं चालू आहे. पाणी गढूळच होतं. नातीला हात घालू दिला नाही, तिनं रडून बाग डोक्यावर घेतली.

येताना बसनं आलो. बसमध्ये मी धाकट्या बहिणीला चार फोटो पाठवले, खाली लिहिलं, 'ही बाग पुरात बुडवायला बांधलीय.' पुण्यात तेव्हा रात्र असणार, पण बाईसाहेब जाग्या होत्या. उलट फोटो आला. अंधार, पाऊस आणि काठावर छत्र्या घेऊन उभी असलेली माणसं. 'भिडे पूल गेला पाण्याखाली.'

ह्यांनी वाकून बघितलं. "गेला का? मग खडकवासला भरलं म्हणायचं."